‘हेट स्पीच’ : द्वेषोक्ती, विखारी भाषण की चिथावणी?

प्रश्न :
दुभंगलेल्या समाजांतला द्वेष आणि त्यावरचे उपाय, या विषयाच्या अभ्यासवर्गासाठी मराठी टिपणे करते आहे. पहिल्याच ओळीत अडले. ‘हेट स्पीच’ला बातम्यांत द्वेषपूर्ण भाषण, विखारी वक्तव्य, प्रक्षोभक विधान असे काहीही येते. मला ‘द्वेषोक्ती’ पटतो, पण मुले म्हणतात की हे अलंकाराचे नाव वाटते.

उत्तर :
‘द्वेषोक्ती’च ठेवा, ताई. ‘भाषण’ म्हटले की व्यासपीठ आणि माइक डोळ्यांपुढे येतात. मोबाइलवरचा चार शब्दांचा निरोप त्यात बसत नाही. अतिशयोक्ती, लोकोक्ती आपण सहज म्हणतो, हाही कानाला सवयीचा होईल.

उत्तर :
‘विखारी’ मात्र टाळा. विखार म्हणजे विष, म्हणजे तो शब्द बोलण्याच्या सुराबद्दल सांगतो. रवांडात १९९४ साली, वंशसंहाराच्या काळात, आरटीएलएम या नभोवाणी केंद्रावर गाणी लागत, निवेदक थट्टामस्करी करत, आणि त्याच ओघात तुत्सी या अल्पसंख्य समाजाला ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळे, म्हटले जाई. मारायला ‘काम करणे’ हा शब्द होता. ‘कामाला लागा’ या वाक्यात विखार शोधून सापडेल का? ते ऐकणाऱ्याला मात्र नेमके कळत होते.

‘चिथावणी’ वेगळी ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. त्या नभोवाणीचे दोन संस्थापक आणि ‘कांगुरा’ या द्वेष पसरवणाऱ्या नियतकालिकाचा संपादक यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवले. २००७ च्या अपिलात काही आरोप रद्द झाले, शिक्षा कमी झाल्या. तेव्हा अपील पीठाने द्वेषोक्ती आणि वंशसंहाराची थेट, जाहीर चिथावणी यांत फरक केला. आपण दोन्हींना एकच शब्द वापरला तर मुलांना तो निकाल समजणारच नाही.

प्रश्नकर्ती :
हा फरक घेते. मग वर्ज्य शब्दांची यादी द्यावी का?

उत्तर :
यादीने काय होते ते म्यानमारमध्ये दिसले. तिथे ‘कला’ हा भारतीय वंशाच्या लोकांसाठीचा जुना शब्द, पुढे मुसलमानांवर फेकला जाणारा अपशब्द झाला. पण बर्मी भाषेत हरभरा म्हणजे ‘कला-पे’ आणि खुर्ची म्हणजे ‘कला-थाइंग’! २०१७ मध्ये फेसबुकने हा शब्द काढायला घेतला, तेव्हा साध्या बोलण्यातले मजकूरही उडाले. संदर्भ ओळखणे अवघड गेल्याचे कंपनीनेही मान्य केले. त्याच वर्षी ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान लष्करी हिंसेमुळे देश सोडून बांगलादेशात गेले. शब्द कोण, कोणाला, कधी म्हणतो हे टिपणात येऊ द्या. नुसती यादी देऊ नका.

आपल्याकडे पोलिसांच्या भाषेत ‘दोन समाजांत तेढ निर्माण करणे’ असते. तेढ म्हणजे मुळात वाकडेपणा. मला तो शब्द फार बोलका वाटतो, कारण तो वक्त्याकडे न पाहता दोन माणसांमधल्या नात्याकडे पाहतो.

प्रश्नकर्ती :
आणि उलट बाजूला काय म्हणू? ‘प्रतिवाद’?

उत्तर :
प्रतिवादात वादी समोर लागतो. ‘प्रत्युक्ती’ म्हणा, उक्तीला प्रत्युक्ती, जोडी जमते. म्यानमारमधलेच उदाहरण द्या. २०१४ मध्ये नेय फोन लाट या ब्लॉगलेखकाने, जो २०१२ मध्ये तुरुंगातून सुटला होता, ‘पानझगा’ ही मोहीम सुरू केली. ‘पान’ म्हणजे फूल, ‘झगा’ म्हणजे बोलणे. लोक तोंडात फूल धरून छायाचित्रे काढत : द्वेष पसरेल असे आम्ही बोलणार नाही.

प्रश्नकर्ती :
पण तोंडात फूल म्हणजे आपल्याकडचे मूग गिळणे वाटेल ना?

उत्तर :
वाटेल, म्हणून भाषांतर जपून करा. मूग गिळणारा प्रसंग टाळतो, हे लोक तर आपला चेहरा आणि भूमिका उघड दाखवत होते. मी ‘फुलबोली’ करीन, आणि कंसात ‘पानझगा’ तसाच ठेवीन.