मेंढरं बसवून गेली आणि म्हैस आजारी पडली. संबंध असेल का?

गोठा_जुन्नर:
दिवाळीनंतर खतासाठी रानात मेंढरं बसवली, चार रात्री. सात-आठ महिन्यांची कोकरं म्हशींच्या गव्हाणीत तोंड घालायची. सव्वा महिन्यानं दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस पडली. ताप १०६, नाकातून घट्ट शेंबूड, नाकाडावर खपल्या. डोळ्यात फूल पडतं ते मधे ठिपक्यासारखं. हिच्या बुबुळावर पांढरेपणा कडेनं आत सरकतोय, दोन्ही डोळ्यांत. पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, ताप हलत नाही. वडील म्हणतात बुळकांडी.

शिवार७:
लाळ्या खुरकूत असेल. खूर बघा.

गोठा_जुन्नर:
खूर स्वच्छ आहेत. बाकी तीन म्हशी ठणठणीत.

निवृत्त_पशुवैद्यक:
बुळकांडी २०११ साली जगातून गेली, पण वडिलांची नजर चुकलेली नाही, लक्षणं तशीच दिसतात. मला एमसीएफची, म्हणजे मॅलिग्नंट कटारल फीवर या विषाणूच्या तापाची, शंका येते. मेंढीत हर्पीसचा एक विषाणू असतो, तो तिला काही करत नाही. सहा ते नऊ महिन्यांच्या कोकरांच्या शेंबडातून तो जास्त बाहेर पडतो. गाईपेक्षा म्हशीला लवकर बाधतो आणि बहुतेक जनावर दगावतं. लस नाही, नेमकं औषधही नाही. आजारी म्हशीपासून दुसरीला लागत नाही, म्हणून तुमच्या तिघी बऱ्या आहेत. पण लागण होऊन लक्षणं दिसायला काही महिनेही जातात, तेव्हा रोज ताप बघा. आजच तुमच्या डॉक्टरांकडून जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्या, बर्फावर ठेवून पुण्यात औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात पाठवा. पीसीआर सांगा. केनियात मसाई लोक विल्डबीस्ट या रानटी जनावराच्या विण्याच्या दिवसांत गुरं दूर नेतात, ते याच घराण्यातल्या विषाणूपायी.

शेळीवाली_ताई:
माझ्या गोठ्यात शेळ्या आणि गाय एकत्र आहेत. भीती आहे का?

निवृत्त_पशुवैद्यक:
ताई, शेळीचा स्वतःचा असाच एक विषाणू आहे, पण त्याचा त्रास मुख्यतः हरणांना दिसलाय. शेळ्यांत मेंढ्या मिसळू नका, एवढं पाळा.

गोठा_जुन्नर:
म्हैस परवा पहाटे गेली. शेवटी दिसत नव्हतं, माझा आवाज आला की कान हलवायची. रिपोर्टमध्ये एमसीएफच निघाला. गावात मेंढपाळांना नावं ठेवायला लागलेत. त्यांचा काय दोष, त्यांची मेंढरं आजारी नव्हतीच. मेंढपाळ मामांना फोन करून सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी मेंढरं ओढ्यापलीकडच्या तुकड्यात बसतील, पाणी तिकडंच. गव्हाणीला आजपासून फाटक.