डॉक्टरांना स्वतःचे पूर्वग्रह ओळखायला शिकवावं का?

विडीघरातली_लेक
माझी आई चाळीस वर्षं विड्या वळतेय. घरात तेलुगू, मराठी तोडकंमोडकं. शुगर आहे. एका रात्री तिला दरदरून घाम फुटला, जबडा आणि पाठ दुखायला लागली. दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्याशी बोललेच नाहीत, मला म्हणाले, "ह्या बायका दिवसभर वाकून बसतात, पाठ दुखणारच." पित्ताची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ईसीजी काढला, तर हार्ट ॲटॅक. बायकांना, शुगरवाल्यांना छातीत कळ न येताही झटका येतो हे त्यांना माहीत नसेल, असं मी मानत नाही. त्यांना समोर विडीवाली दिसली, पेशंट दिसला नाही. स्वतःचं हे बघणं ओळखायला एमबीबीएस आणि नर्सिंगला सक्तीनं शिकवायला हवं.

ओपीडीतला_रेसिडेंट
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण हा पूर्वग्रह कशावरून? घाई असेल. एका पेशंटला दोन मिनिटंही मिळत नाहीत, त्यात रात्रभराची झोप नाही. वागणूक, नीती, संवाद शिकवणारं 'एटकॉम' 2019 पासून अभ्यासक्रमात आहेच. मी पाहिलंय, पोरं वही भरतात, सही घेतात, संपलं. आणखी एक वही नको. माणसं वाढवा, ईसीजीचं मशीन केसपेपरच्या खिडकीजवळ आणा.

विडीघरातली_लेक
डॉक्टर, घाईतच तर मनातला आडाखा बाहेर पडतो. त्याच घाईत बँकेतल्या साहेबांचा ईसीजी निघाला असता.

सेटलमेंटचा
आमच्या भागाच्या नावातच इतिहास आहे: सेटलमेंट, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायची वस्ती. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो 1952 ला रद्द झाला. पण पारध्याचं पोर झाडावरून पडून हात मोडून आलं, तर आजही पहिला प्रश्न, "कुठं चोरायला गेला होतास?" ह्यात घाई कुठली?

निवृत्त_प्राध्यापक
तो प्रश्न संतापजनकच आहे. तरीही मी विरोधात. व्याख्यानानं मन बदलतं ह्यावर माझा विश्वास नाही, नियम बदलावेत. अमेरिकेत किडनीचं काम मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांची किडनी कागदावर बरी दिसायची, प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. 2021 मध्ये नव्या सूत्रातून तो काढला. कुणाचं मन बदलायची वाट पाहिली नाही. इथंही तसंच करा: चाळिशीपुढे, शुगर, घाम, जबडा किंवा पाठ दुखतेय, तर ईसीजी. विडीवाली असो की कलेक्टर.

विडीघरातली_लेक
सर, हा नियम उद्याच लावा, माझी ना नाही. पण तो गुणक चुकीचा आहे असं तिथं आधी कुणाला तरी दिसलंच ना? प्रश्न विचारणाऱ्यांत वैद्यकीय विद्यार्थीही होते. आणि "गुंडे नोप्पी" म्हणजे छातीत दुखतंय, हे ज्याला विचारून घ्यावंसं वाटत नाही, तो तुमचा नियम लावणार कुणाला?

वॉर्डातली_सिस्टर
मी नव्या मुलींना व्याख्यान देत नाही. पेशंट दारात दिसला की मनात काय आलं ते चिठ्ठीवर लिहायला लावते: "दारुडा", "नाटकं करतेय", काहीही. चिठ्ठी खिशात. मग पेशंटशी त्याच्या भाषेत बोलायचं, जमत नसेल तर तेलुगू-कानडी येणारी मावशी बोलवायची. ड्यूटी संपताना चिठ्ठी उघडायची. एक मुलगी रडली होती. तिनं "नाटकं" लिहिलं होतं, आणि बाईचं अपेंडिक्स फुटलं होतं.

ओपीडीतला_रेसिडेंट
सिस्टर, ही चिठ्ठी माझ्या इंटर्नना देऊन बघतो. मशीनची मागणी मात्र सोडणार नाही.