घरून काम करणाऱ्या टीममध्ये माहिती लिहून ठेवायची की फोनवर सांगायची?

टिळकवाडीकर:
बेळगाव, खानापूर, निपाणीत बसून पुण्या-बेंगळूरच्या कंपन्यांचं काम करणारे आपण इथे बरेच जण आहोत. माझं म्हणणं, कामाची गोष्ट सगळ्यांना दिसेल अशी लिहूनच ठेवली पाहिजे. आमच्याकडचा एक ज्येष्ठ सहकारी नोकरी सोडून गेला. रात्रीचं काम अडकलं तर आधी कुठली सर्व्हिस बंद करायची, हे फक्त त्यालाच ठाऊक. विचारलं की लगेच फोन करायचा बिचारा, त्यामुळे लिहायचं कुणाला सुचलंच नाही. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत सगळेच आपापल्या घरून काम करतात, आणि त्यांची कामाची पद्धत खुल्या हँडबुकात कुणालाही वाचता येते.

उद्यमबागवाला:
त्याच गिटलॅबचं ३१ जानेवारी २०१७ चं सांगा की. इंजिनिअरकडून चालू डेटाबेस उडाला. बॅकअपच्या पाच सोयी, आणि ऐन वेळी एकही कामाला आली नाही. एकाने सहाएक तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने कॉपी घेतली होती, तिच्यावर निभावलं. आमच्या इथल्या फाउंड्रीत मोल्डर साच्याची वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडून गोळा मोडून बघतो आणि ओल बरोबर आहे का ते सांगतो. ते शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. आमच्या कामातही तसंच आहे. स्क्रीन शेअर करून अर्धा तास सोबत बसा, पोरगं तयार होतं. विकीची, म्हणजे टीमने मिळून लिहिलेल्या माहितीची, पानं सहा महिन्यांत शिळी होतात.

टिळकवाडीकर:
अहो, रेप्लिकेशनची, म्हणजे डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चालू ठेवायची, पद्धत नीट लिहिलेलीच नव्हती, हे त्यांच्याच त्या वेळच्या नोंदींत आहे!

खानापूरची:
नवीन मुलं सगळ्यांसमोर विचारतच नाहीत, याबद्दल कुणी का बोलत नाही? इंग्रजी चुकेल, मॅनेजर बघेल, ही भीती. मग मराठीत नाहीतर कन्नडमध्ये खासगी मेसेज, आणि उत्तर तिथेच राहतं. मी फोनवर मराठीत समजावते आणि ज्याने विचारलं त्यालाच लिहायला लावते. जाणत्याला वाटतं ‘हे तर सगळ्यांना माहीत असतंच’, म्हणून तो नेमकी अडणारी पायरी गाळतो. नुकता अडलेला माणूस ती गाळत नाही. शिवाय आमच्याकडे जुलैत वीज गेली की कॉल तुटलाच. लिहिलेलं मागाहून तरी वाचता येतं.

उद्यमबागवाला:
ताई, नवख्याने चुकीचं लिहिलं तर ती चूक दहा जणांकडे जाईल. निस्तरायची कुणी?

खानापूरची:
म्हणून सांगणाऱ्याने वाचून खाली आपलं नाव आणि तारीख टाकायची. नाव-तारीख नसलेल्या पानावर आमच्यात कुणी विसंबत नाही.

उद्यमबागवाला:
हे पटलं. पण आमच्याकडे आठवड्याला तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, किती बंद केली तेवढंच मोजतात. दुसऱ्याचं लिहिलेलं तपासायचा वेळ कामात धरणार असतील तर मी उद्यापासून तयार आहे. तोवर मी फोनच करणार.