‘दा उओमो आ उओमो’ (१९६७): लिओनेच्या सावलीत राहिलेला सूडपट

जुनारिळवाला यांचा प्रश्न:

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात दिग्दर्शक जुलिओ पेत्रोनी यांचा ‘दा उओमो आ उओमो’ हा इटालियन वेस्टर्न दुसऱ्यांदा पाहिला. इंग्रजीत तो ‘डेथ राइड्स अ हॉर्स’ या नावाने ओळखला जातो. याच प्रकारातील नामवंत दिग्दर्शक सेर्जिओ लिओने यांचे चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहेत, त्यांवर या ठिकाणी पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु त्याच काळात, त्याच नटसंचातील माणसांना आणि त्याच संगीतकाराला घेऊन तयार झालेल्या या चित्रपटाचा उल्लेख मला क्वचितच आढळतो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. मुसळधार पावसाच्या एका रात्री दरोडेखोरांची टोळी एका कुटुंबाची हत्या करते आणि घर पेटवून देते. लपलेला लहान मुलगा, बिल, हे सर्व पाहतो आणि जळत्या घरातून कोणीतरी त्याला बाहेर काढते म्हणून वाचतो. पंधरा वर्षांनी तो पट्टीचा नेमबाज होऊन मारेकऱ्यांच्या शोधात निघतो (जॉन फिलिप लॉ). त्याच सुमारास रायन नावाचा एक प्रौढ कैदी (ली व्हॅन क्लीफ) पंधरा वर्षांची शिक्षा भोगून सुटतो. ज्या साथीदारांनी त्याला अडकवले, त्यांच्याकडून त्याला वाया गेलेल्या वर्षांचा मोबदला रोख पैशांत वसूल करायचा आहे. दोघांचे शत्रू एकच आहेत, त्यामुळे दोघेही एकमेकांच्या आधी पोहोचण्यासाठी धडपडत राहतात.

दुसऱ्यांदा पाहताना हा चित्रपट मला पहिल्यापेक्षा अधिक आवडला, आणि सूडपटांच्या बाबतीत माझा अनुभव सहसा याच्या उलट असतो. कोण कोणाला मारणार हे एकदा कळले की पुन्हा पाहण्यासारखे फारसे उरत नाही. मग येथे नेमके काय उरते? ज्यांना हा चित्रपट प्रिय आहे, त्यांनी आपले मत सविस्तर मांडावे अशी विनंती.

अबोली_ठाणे यांचे उत्तर:

आपण हा विषय काढलात याचा मनापासून आनंद झाला. माझ्या मते या चित्रपटाची गुरुकिल्ली त्याच्या पटकथाकाराजवळ आहे. लुचानो व्हिन्चेन्झोनी यांनी त्याआधी लिओने यांच्यासाठी ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) लिहिला होता. तेथेही वयाने मोठा आणि तरुण असे दोन शिकारी एकाच टोळीच्या मागावर आहेत. मोठा आहे तो व्हॅन क्लीफच. परंतु तेथे तरुणाला बक्षिसाची रक्कम हवी असते, आणि बहिणीच्या मृत्यूचे दुःख उराशी बाळगून असतो तो मोठा. दोनच वर्षांनी व्हिन्चेन्झोनी यांनी हीच मांडणी उलटी केली. आता कुटुंबाचा सूड तरुणाच्या वाट्याला आला आणि पैशांचा हिशेब व्हॅन क्लीफच्या.

ही अदलाबदल वरवरची नाही. आधीच्या चित्रपटातला व्हॅन क्लीफचा कर्नल मॉर्टिमर स्वतःचे दुःख शेवटपर्यंत झाकून ठेवतो, त्यामुळे आपण त्याच्याकडे आदराने आणि थोडे दुरून पाहतो. बिलला काहीच झाकता येत नाही. तो समोरच्याला ओळखतो त्या क्षणी त्याचा चेहरा सारे सांगून टाकतो, आणि म्हणूनच रायन त्याला वारंवार बजावतो की सूड थंड डोक्याने घ्यायचा असतो, तापलेल्या माणसाला तो पचत नाही. वडीलकीचा हा सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा भूतकाळ काय आहे हे दुसऱ्यांदा पाहताना आपल्याला आधीच ठाऊक असते, आणि प्रत्येक संवादाचे वजन त्यामुळे बदलते. आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तेच आहे.

सातवासूर यांचे उत्तर:

संगीताविषयी कोणी लिहिण्याआधी मीच लिहितो, कारण या चित्रपटापर्यंत मी संगीताच्या वाटेने पोहोचलो. क्वेंटिन टॅरेंटिनो यांच्या ‘किल बिल’च्या पहिल्या भागात (२००३) एक धून वाजते, जिच्यात पुरुषांचा कोरस गाण्यापेक्षा हाकाटीच्या जवळ जातो. ती कोठून आली याचा शोध घेता घेता एन्नियो मोरिकोने यांनी पेत्रोनींच्या या चित्रपटासाठी केलेले संगीत सापडले. लिओनेंसाठी मोरिकोने यांनी दिलेल्या धुनांमध्ये शीळ आहे, विस्तीर्ण माळरान आहे, काहीसा खेळकरपणाही आहे. येथे त्यातले काही नाही. गिटारचे आघात आणि माणसांचे ओरडणे यांतून एखाद्या टोळीने गावावर चाल करून यावे तसा तो सूर अंगावर येतो.

मात्र धून वेगळी काढून ऐकली तर तिचे निम्मेच काम कळते. बिलला मारेकऱ्यांपैकी एखाद्याची ओळख पटते तेव्हा पडद्यावर त्याच्या डोळ्यांचा क्लोजअप येतो, चित्र लालसर होते, आणि त्या डोळ्यांवरच पावसाळी रात्रीची दृश्ये उमटतात. फ्लॅशबॅक म्हणजे भूतकाळात जाणे अशी आपली सवय असते. पेत्रोनी भूतकाळालाच वर्तमानातील चेहऱ्यावर आणून ठेवतात. माणूस तेथेच उभा आहे, समोरचा शत्रूही तेथेच आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये ती रात्र अजून चालू आहे. ‘किल बिल’मधील नायिकेच्या लाल झालेल्या डोळ्यांचे दृश्य पाहिलेल्यांना ही पद्धत लगेच ओळखू येईल.

रा_वि_कुलकर्णी_नव्हे यांचे उत्तर:

वरील दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. मीही या चित्रपटाचा चाहता आहे, तरीही एक उणीव नोंदवणे मला आवश्यक वाटते. मधल्या भागात चित्रपट रेंगाळतो. रायनने बिलला मागे टाकायचे, मग बिलने रायनला गाठायचे, ही शर्यत एक-दोन वेळा गंमत आणते, नंतर ती पुनरावृत्ती होते. जॉन फिलिप लॉ दिसायला देखणा आणि त्याचे निळे डोळे क्लोजअपसाठी योग्यच; पण व्हॅन क्लीफसमोर बोलण्याचे प्रसंग आले की तो अवघडलेला दिसतो. त्याच वर्षी तोनिनो व्हालेरी यांच्या ‘डे ऑफ अँगर’मध्ये व्हॅन क्लीफने अशाच एका तरुणाच्या गुरूची भूमिका केली, आणि तेथे जुलिआनो जेम्मा त्याच्यापुढे अधिक मोकळेपणाने उभा राहतो असे मला वाटते.

खलनायकांच्या बाबतीत मात्र काही कमी पडत नाही. लुईजी पिस्तिल्ली यांचा वॉलकॉट आता शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ झाला आहे. पंधरा वर्षांत टोळीतले लोक दारूचे गुत्ते आणि पेढ्या चालवू लागले, सभ्य कपडे घालू लागले, आणि शिक्षा झाली ती एकट्या रायनला, हा या कथेतला सर्वांत कडू भाग आहे आणि चित्रपट तो न बोलता दाखवतो. बिलला गळ्यापर्यंत वाळूत पुरून, तोंडात मीठ कोंबून उन्हात सोडून देण्याचा प्रसंगही विसरता येणार नाही.

अबोली_ठाणे यांचे उत्तर:

लॉच्या अवघडलेपणाविषयीची तक्रार मान्य करूनही मी त्याची बाजू घेईन. हा मुलगा वयाच्या ज्या वर्षी अनाथ झाला, त्या वर्षाच्या पुढे तो मनाने गेलेलाच नाही. बंदुकीखेरीज तो काही शिकला नाही. अशा माणसाने सफाईने बोलावे अशी अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

पाऊलखुणा यांचे उत्तर:

(यापुढे रहस्यभेद आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी कृपया येथेच थांबावे.)

मला या चित्रपटात सर्वांत मोलाची वाटते ती खुणांची योजना. लहान बिलने त्या रात्री अख्खे चेहरे पाहिले नाहीत, त्याला तुकडे दिसले: एकाच्या छातीवर गोंदलेले पत्त्यांतील चार एक्के, एक व्रण, कानातील एक बाळी, बुटाच्या टाचेची काटेरी चक्री, आणि गळ्यातील साखळीला लटकणारी कवटी. चक्री तर त्याने पंधरा वर्षे जपून ठेवली. आपल्याकडे ‘जंजीर’ (१९७३) पाहिलेल्यांना हे चटकन जवळचे वाटेल, कारण तेथेही कपाटात लपलेल्या मुलाला आईवडिलांच्या मारेकऱ्याचा चेहरा दिसत नाही, दिसतो तो त्याच्या मनगटावरच्या साखळीतला घोडा. एकाने दुसऱ्याकडून उचलले असे मी सुचवत नाही. पण दोन्हीकडे मुलाची स्मृती एका वस्तूला चिकटून मोठी होते.

फरक पडतो तो पुढे. ‘जंजीर’मधील खूण थेट खुन्याकडे घेऊन जाते आणि हिशेब पूर्ण होतो. येथे चार खुणा खऱ्या शत्रूंकडे नेतात, आणि पाचवी, ती कवटी, रायनकडे. म्हणजे ज्याच्यावर जीव जडू लागला तोच त्या रात्री त्या घरापाशी होता, आणि जळत्या घरातून बिलला बाहेर काढणाराही तोच होता. मुलाने पंधरा वर्षे एकाच यादीत मारेकरी आणि तारणारा यांना शेजारी शेजारी ठेवले होते. शेवटची लढाई एल व्हिएन्तो नावाच्या गावात, धुळीच्या वादळात होते; स्पॅनिशमध्ये त्या नावाचा अर्थच वारा. इतका वेळ ज्याने खुणांवरून माणसे ओळखली, त्याला समोरचे नीट दिसेनासे झालेले असताना हा निर्णय घ्यावा लागतो. मूळ इटालियन नावाचा अर्थ ‘माणसाने माणसाशी’, आणि शेवटच्या काही मिनिटांत, दोघेच समोरासमोर उरतात तेव्हा, ते नाव मला इंग्रजी नावापेक्षा कितीतरी नेमके वाटले.

जुनारिळवाला यांचे उत्तर:

सर्वांचे आभार. पाऊलखुणा, आपला प्रतिसाद वाचून मी सुरुवातीचा प्रसंग पुन्हा लावला. कवटी पडद्यावर येते तेव्हा ती धारण करणारा काय करतो आहे, हे दोन वेळा पाहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. मीही बिलप्रमाणे तिला उरलेल्या खुणांमध्येच मोजले होते.

एक व्यावहारिक सूचना. या चित्रपटाच्या अतिशय फिकट आणि दोन्ही बाजूंनी कापलेल्या प्रती स्वस्त डीव्हीडी संचांतून आणि इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरत आहेत. मी पहिल्यांदा तशीच प्रत पाहिली होती. तिच्यात तो लाल रंग मळकट तपकिरी दिसतो, आणि रुंद चौकटीच्या दोन टोकांना उभे असलेले बिल आणि रायन एका वेळी दिसतच नाहीत. नव्याने पाहणाऱ्यांनी पूर्ण रुंदीची, स्वच्छ केलेली ब्ल्यू-रे प्रत मिळवावी, आणि शक्य असल्यास दिवे मालवून, आवाज थोडा मोठा ठेवून, पहिली दहा मिनिटे पावसाच्या आवाजासह पाहावीत.