स्पिट्झच्या केसांच्या जटा: झिरो मारावा का?

मानसी_चिपळूण
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पांढरा स्पिट्झ आहे, नाव पेढा, वय सहा. (आळीत सगळे पामेरियनच म्हणतात, मीही दुरुस्त करायचं सोडलंय.) एरवी वरवर ब्रश मारला की भागतं. पण आमच्याकडचा पाऊस लागला की कानांमागे, काखेत आणि मागच्या मांड्यांवर जटा धरतात. कानामागची एक तर सुपारीएवढी कडक झालीय. सासूबाईंचं म्हणणं, "मशीन फिरवून टाका, उकडत असेल बिचाऱ्याला." ग्रूमिंगवालाही म्हणाला झिरो मारून देतो, केस काय, परत येतात. मारू का? आणि आंघोळ आधी घालायची की आधी विंचरायचं?

पिंट्याचा_बाबा
झिरो नको. आमच्या पॉमला एका सलूनमध्ये न विचारता मारला. पायांवर केस आले, पाठीवर वर्ष झालं तरी नुसती विरळ लव. डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, नॉर्मल निघालं. म्हणाले, दाट केसांच्या जातींत कधी कधी असं होतं, वाट बघा. बघतोय.

नंदा_कोल्हापूर
मानसी, मी हेच काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

स्पिट्झला केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, राठ आणि आत मऊ लोकर. जट धरते ती आतल्या लोकरीची. तुझा ब्रश वरच्या थरावरून घसरतो, कुत्रं वरून चकाचक दिसतं आणि आत नमदा तयार होत असतो. आणि उकाड्याचं म्हणशील तर कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यातून गार होतो. केस भादरून त्यात काही फरक पडत नाही. उलट पांढऱ्या कुत्र्याची गुलाबी कातडी उघडी पडली की उन्हाने भाजते. आतली सुटलेली लोकर काढलीस की हवा खेळते. सासूबाईंना हे एवढंच सांग.

आता हत्यारं. पातळ वाकड्या तारांचा ब्रश, त्याला दुकानात स्लिकर म्हणतात, आणि स्टीलचा कंगवा, अर्धे दाते विरळ, अर्धे दाट. स्लिकर आधी स्वतःच्या हातावर ओढून बघ. तुला ओरखडे उठले तर त्यालाही उठणार. पेढ्याला टेबलावर घे, खाली गोणपाट अंथर. पाय घसरला की कुत्रं घाबरतं, आणि मग सगळे म्हणतात हा विंचरूच देत नाही.

सुरुवात मांडीच्या खालच्या टोकापासून. डाव्या हाताने वरचे केस वर दाबून धर, खालची एकच ओळ मोकळी सोड. कातडी दिसली पाहिजे. ती ओळ विंचरून झाली की वरची थोडी सोड. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच झालं म्हणायचं. एका बैठकीत अख्खं कुत्रं करायला जाऊ नकोस. आज एक मांडी, उद्या दुसरी, मधे पनीरचा तुकडा.

जटेवर थोडं कॉर्नफ्लोअर चोळ आणि बोटांनी उभी फाड, टोकाकडून मुळाकडे. नाहीच सुटली तर कापायची, पण कात्री कातडीकडे घुसवायची नाही. जटेबरोबर कातडी वर ओढली जाते आणि तिथे ती कागदासारखी पातळ असते. कात्रीने चिरलेले कान बघून झालेत माझे. कातडी आणि जट यांच्यामध्ये कंगवा सरकव आणि कंगव्याच्या वरून काप. कंगवा जाईना इतकी घट्ट असेल तर तेवढ्याच जागी मशीन, तेही डॉक्टरांकडून किंवा हात बसलेल्या माणसाकडून.

विंचरणं आधी, आंघोळ नंतर. जट भिजली की आणखी आवळते. शाम्पू कुत्र्यांचाच, मगमध्ये पाण्यात कालवून घ्यायचा, आणि फेस पूर्ण निघेपर्यंत धुवायचं. टॉवेल दाबायचा, घासायचा नाही; घासलं की नवीन गुंता. मग ड्रायर, गार किंवा कोमट. पोटाखाली आणि मानेला बोटांनी केस फाकवून मुळाशी ओल आहे का बघ. कोकणात खरा घोळ इथेच होतो. वरून सुकलेला, आत दमट. पावसाळ्यात घरात असताना पट्टाही काढून ठेव.

शित्झूवाली
पण मी तर आमच्या मिनूचे केस दर दोन महिन्यांनी बारीक करून घेते, काहीच होत नाही!

नंदा_कोल्हापूर
तुमचं बरोबर आहे, ताई. शित्झू, ल्हासा यांचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, ते कापावेच लागतात. स्पिट्झ, पॉम, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढून गळतात. दोघांना एक नियम लावायचा नाही. यांच्यातही तळव्यांमधले आणि शेपटीखालचे केस बारीक केले तर हरकत नाही.

मानसी_चिपळूण
नंदाताई, खूप आभार. आज एक मांडी झाली, पिशवीभर लोकर निघाली. काखेत दोन गोचीडही सापडले. पण कानामागच्या त्या जटेखाली ओलसर लाल दिसतंय आणि वास येतोय. हळद-खोबरेल लावू का?

नंदा_कोल्हापूर
नको! तेलाने ओल आत कोंडते आणि तो चाटून, खाजवून दुप्पट करेल. ही जट आता तू काढू नकोस. उद्याच डॉक्टरांकडे ने, ते भोवतालचे केस काढून जागा साफ करतील आणि औषध देतील. कान आतूनही बघायला सांग, कानाच्या दुखण्याने खाजवून खाजवूनही तिथेच जट धरते. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचे, बोटांनी चिरडायचे नाहीत. ते सापडलेत हेही डॉक्टरांना सांग, म्हणजे वजन बघून औषध देतील. ताप असेल किंवा खाणं कमी झालं असेल तर रक्त तपासून घे.