फिल्टर बदलल्यावर गाडी रोज सकाळी हवा धरते, मदत हवी आहे

देवास नाक्यावर उभा असलेला जुना सहाचाकी ट्रक, इनलाइन पंपाचा (नोझलना दाबाने डिझेल देणारा पंप). डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. बॅन्जो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर नवे, जुनी रबर रिंग हेडला चिकटून राहिलेली नाही, हे बोट फिरवून पाहिलंय. फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू (हवा काढायचा) सैल करून हॅन्डपंप मारला, फेस संपून अखंड धार आली तेव्हाच आवळला. मग नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून १५-१५ सेकंद सेल्फ, मध्ये दोन मिनिटं थांबून. गाडी सुरू होते, दिवसभर चालते. रात्रभर उभी राहिली की डिझेलच्या लाइनमध्ये पुन्हा हवा, सकाळी सुरू होत नाही.

बाहेर डिझेलचा थेंबही नाही. म्हणजे गळती ओढीच्या बाजूला (टाकी ते फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा पंप), तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळी लावली तर मोहरीएवढे बुडबुडे सलग दिसतात. तीच नळी उंच ठेवलेल्या डिझेलच्या कॅनमध्ये सोडली की एकही नाही, त्यामुळे फीड पंप संशयातून सुटला.

आता दोन संशय: पाणी साचणाऱ्या वाटीची रिंग, की डिझेल ओढून घेणारा टाकीतला उभा पाइप? टाकी अर्ध्याखाली गेली की बुडबुडे वाढतात, म्हणून माझा कल पाइपाकडे. पण त्रास नेमका फिल्टर बदलल्यावरच का सुरू व्हावा?

टाकी न उतरवता पाइप तपासायची खात्रीची रीत कोणी सांगेल का? सारखा सेल्फ मारून बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही जातील, ही काळजी आहे.