चेनसॉचं कव्हर वितळलं, ब्रेक लागत नाही. ऑइल पंपच गेलाय का?

दापोलीची वाडी:
नमस्कार मंडळी. मशीन ४५ सीसीचं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमचे रायवळ आंबे मुळासकट आडवे झाले, तेव्हा घेतलेलं. आजवर प्लग आणि चेन सोडून काही बदललं नाही.

परवा घरामागचा फणस तोडायला घेतला. दहा मिनिटांत जळका वास आला. धूर सायलेन्सरकडून नव्हता, चेनच्या बाजूने येत होता. कव्हर उघडलं (ब्रेक कव्हरमध्येच आहे), तर ब्रेकच्या पट्ट्याजवळचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. क्लचचा ड्रम निळा-जांभळा पडलाय, बुलेटच्या सायलेन्सरला येतो तसा रंग. आता ब्रेकचा पुढचा दांडा ढकलला तरी टक् असा आवाज येत नाही आणि रेस सोडली तरी चेन हळूहळू फिरतच राहते. टाकीतलं चेनचं तेल जवळपास आहे तेवढंच आहे. इथले मिस्त्री म्हणतात ऑइल पंप गेला, म्हणून तापलं, आता नवीनच घ्या. खरंच तसं आहे का?

नारळवाला:
पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) किती घालता दादा? कमी पडलं तर इंजिन तापतंच.

दापोलीची वाडी:
लिटरला २० मिली, मापाने. त्यात कधी चूक होत नाही.

कराडचा मिस्त्री:
मिश्रण बरोबर आहे, आणि इंजिन तापून ड्रम असा निळा होत नाही. ड्रम निळा होतो तो घासून. एक सांगा, मशीन चालू कोण करतं आणि कसं?

दापोलीची वाडी:
आमचा गडी. जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, चोक ओढून. चालू झालं की दोन-तीन मिनिटं तसंच गरम होऊ देतो, तोवर दोर बांधायचं काम उरकतो.

कराडचा मिस्त्री:
सापडलं! ब्रेक लावून चालू करतो हे उत्तम, ते सोडू नका. पण चोकवरून चालू झालेलं मशीन अर्ध्या रेसवर अडकलेलं असतं. तेवढ्या वेगात क्लचचे बूट बाहेर येऊन ड्रमला धरतात आणि ड्रमला बाहेरून ब्रेकच्या पट्ट्याने आवळलेलं असतं. दोन-तीन मिनिटं इंजिनची सगळी ताकद त्या घासण्यात जाते. चालू झाल्याबरोबर रेस एकदा दाबून सोडायची, म्हणजे ते आयडलिंगवर येतं. गड्याला हे आजच दाखवा, त्याच्या हातापायाचा प्रश्न आहे.

तुमचे मिस्त्री अर्धे बरोबर आहेत. पंप गेला असेलच, पण तो आधी गेला नाही. क्लचच्या मागे पंप फिरवणारी प्लास्टिकची गरारी असते, ती या उष्णतेने वितळते आणि तेल बंद होतं. रेस सोडूनही चेन फिरते म्हणजे क्लचची स्प्रिंग तुटलीय किंवा सैल झालीय. ती बदलेपर्यंत मशीन चालू करूच नका. चेन आपोआप फिरतेय आणि ब्रेक नाही, यापेक्षा वाईट जोडी मी पाहिलेली नाही.

उघडताना प्लगच्या भोकातून दोरी आत सोडून पिस्टन अडवा. क्लचला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. जोर लावून विरुद्ध दिशेने फिरवलात तर शाफ्टचे आटे जातील. ब्रेकच्या पट्ट्याची जाडी मोजा. मी ज्या मशीनवर काम करतो त्यांच्या पुस्तिकेत ०.६ मिमी ही खालची मर्यादा आहे. तुमचा मात्र जळलाय, जाडी भरली तरी बदला. शेवटी सायलेन्सर काढून पिस्टन बघा. उभे ओरखडे नसतील तर मशीन वाचलं.

नारळवाला:
मीही आमचं असंच गरम करत होतो. बरं झालं वाचलं.

दापोलीची वाडी:
उघडलं काका. स्प्रिंगचे दोन तुकडे निघाले, गरारी वितळून शाफ्टला चिकटलेली. पिस्टन स्वच्छ आहे, एक ओरखडा नाही! क्लच, ड्रम, गरारी आणि ब्रेकसकट कव्हर मागवतोय. क्रँकचं सील पण बदलू का?

कराडचा मिस्त्री:
बदलाच. ते त्याच उष्णतेत होतं. कडक झालं की तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं आणि मग पिस्टन खरोखर धरतो, म्हणजे जाम होतो. ड्रमच्या आतल्या सुयांच्या बेअरिंगला ग्रीस लावा. बारचं (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं) तेलाचं भोक तारेने साफ करा, फणसाच्या चिकात भुसा मिसळला की ते सिमेंटसारखं बुजतं.

दापोलीची वाडी:
आज जोडलं. पूर्ण रेसमध्ये डाव्या मनगटाने दांडा ढकलला, चेन जागच्या जागी थांबली. रेस सोडल्यावर आता हलत नाही. मग बारचं टोक फणसाच्या पिवळ्या कापावर धरून रेस दिली, दहा सेकंदांत तेलाची रेघ उमटली. गड्याने स्वतः चार वेळा चालू करून दाखवलं, चारही वेळा रेस दाबून सोडली. उद्या बुंधा घेतो.